गेटवरचं परराष्ट्र खातं

ते कधी बसायचे नाहीत. कँटीनमध्ये बाक रिकामा असला तरी भाकरी हातावर घेऊन दोन टेबलांमधल्या वाटेत फेऱ्या मारत जेवायचे. बसमध्ये जागा मिळाली तरी दांडीला धरून उभे. कुणी म्हटलं, "दादा, बसा की," तर म्हणायचे, "बसल्यावर डोकं झोपतंय." आणि फेऱ्या मारता मारता इजिप्तबद्दल, नाहीतर इंडोनेशियाबद्दल काहीतरी बोलत राहायचे. समोरचा ऐकतोय की नाही, हे मात्र ते बारकाईनं पाहायचे. ऐकणाऱ्याचा घास थांबला की त्यांचा चेहरा उजळायचा.

पिंपरीत आमची पंपाला लागणाऱ्या विजेच्या मोटरी करणारी कंपनी होती. ते मशिनशॉपमध्ये टर्नर आणि युनियनचे सेक्रेटरी. मी वाइंडिंगला, तांब्याच्या तारेची कॉइल गुंडाळणाऱ्या बायकांमध्ये. सगळी कंपनी त्यांना 'मंत्री' म्हणायची, म्हणजे परराष्ट्रमंत्री. कारण गेट मीटिंग कशासाठीही असो, कँटीनच्या पातळ डाळीसाठी असो की संडासाच्या दारासाठी, ते पॅकिंगच्या लाकडी खोक्यावर चढायचे आणि पहिल्यांदा कुठल्या तरी देशाचा निषेध करायचे. "आधी जग, मग बोनस," असं त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. निषेधाचा ठराव हात वर करून मंजूर व्हायचा आणि खरोखरच पोस्टानं दिल्लीला जायचा. एकदा एका देशाचा कडक निषेध झाला आणि दुसऱ्या दिवशी रेडिओवर कळलं, की तिथलं सरकारच उलथलंय. मंत्री दिवसभर अस्वस्थ. जेवणाच्या सुट्टीत आमच्याकडे येऊन म्हणाले, "आता ठराव पावनार कुणाला, ताई? नव्या सरकारनं तर काई केलंच न्हाई अजून."

मूळचे ते चाकणजवळच्या निघोज्याचे. बोलणं तिकडचं, मावळातलं. पण खोक्यावर चढले की वर्तमानपत्राची मराठी सुरू. 'आमी' जाऊन 'आम्ही' यायचं, 'न्हाई'चं 'कदापि नाही' व्हायचं. खाली उतरताना पाय जमिनीला लागले, की पुन्हा 'व्हय' आणि 'न्हाई'.

शब्दांची त्यांना वेगळीच पारख होती. कुठला शब्द लोकांना उठवतो आणि कुठला बसवतो, हे ते आमच्यावर करून बघायचे. "'इशारा' म्हनलं की टाळी येते. 'खडसावलं' म्हनलं की शिट्टी. 'वाटाघाटी' म्हना, लोक तंबाखू मळाया लागत्यात." मग हसून म्हणायचे, "अन् 'तडजोड' म्हनायचं आसंल तर आधी चपला हातात घेऊन ठिवायच्या. पळाया बरं."

आणखी एक खुबी होती. भाषणाची सुरुवात ते उलटी करायचे. "चीन आमचा मित्र आहे!" म्हणायचे आणि थांबायचे. सगळं गेट गप्प. मग हात उगारून, "असं म्हणणाऱ्यांनी बर्फात पडलेल्या जवानाच्या आईसमोर येऊन बोलून दाखवावं!" की गेट दणाणलं. लोकांना याची इतकी सवय झाली होती, की पहिलं उलटं वाक्य आलं की ते आधीच हात पुढे करून ठेवायचे.

ही चटक त्यांना लागली बासष्ट साली. तेव्हा ते दापोडीत आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मी शाळेत होते. चीननं सीमा ओलांडल्याची बातमी आली आणि रेल्वे फाटकापाशी लोक पुतळा जाळायला जमले. पेंढ्याचा पुतळा तयार होता, पण अंगात काही नव्हतं. नुसता पेंढा जाळायला कुणाला मजा वाटेना. तोवर हे पळत घरी गेले आणि लग्नात शिवलेला कोट घेऊन आले. त्यांची बायको मागून ओरडत, "अवं, एकच हाय त्यो!" पुतळ्याला कोट चढला आणि कोट देणारा म्हणून लोकांनी ह्यांनाच बोलायला उभं केलं. तोवर चारचौघांत तोंड न उघडलेला माणूस. म्हणाले, "एक इंच नाही! एक इंचसुद्धा नाही!" एवढंच. तेच पुन्हा पुन्हा. लोकांनी असा गजर केला, की फाटकात थांबलेल्या गाडीतले लोक खिडक्यांतून बघायला लागले.

गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं होतं, "पण सीमा नक्की कुठनं जाते तिथं? बोलून मिटत नव्हतं का आधी?" त्याला लोकांनी धक्के मारत बाहेर काढलं. मंत्र्यांनी ते पाहिलं. त्यांनी म्हाताऱ्याची बाजू घेतली नाही आणि त्याला शिवीही दिली नाही. ते पुन्हा "एक इंच नाही" म्हणाले, तशी लोकांची तोंडं त्यांच्याकडे वळली. हे मला त्यांनीच पुढे सांगितलं. कोटाबद्दल मात्र त्यांची बायको पुढे किती वर्षं बोलत होती. कुणाचंही लग्न निघालं, की म्हणायची, "आमचा कोट चीनला गेला."

मी कंपनीत लागले तेव्हा मंत्री जोरात होते. मी टेंपररी होते. आम्ही बऱ्याच जणी टेंपररी होतो. अशात कंपनीनं अमेरिकेतल्या एका कंपनीशी करार केला आणि आपोआप कॉइल गुंडाळणाऱ्या मशिनची नवी लाइन यायची ठरली. आम्हाला वाटलं, आता आपण घरी. पण उलट कळलं, उत्पादन वाढणार आणि लाइन सुरू झाली की आम्हाला कायम करणार. तसं युनियननं मॅनेजमेंटकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणजे मंत्र्यांनीच.

लाइन बसवायला एक अमेरिकन इंजिनिअर आला. उंच, वाकून चालणारा, उन्हानं मान लाल झालेला. त्याला मशिनसाठी लागणारे सुटे भाग मंत्री लेथवर करून द्यायचे. दोघं दिवसभर बरोबर. साहेबाला मराठी शिकायची हौस होती आणि शिकवायला हे. त्यामुळे तो अमेरिकन निघोज्याची मराठी बोलायला लागला. मॅनेजरनं इंग्रजीत काही विचारलं, की हा मान डोलवून म्हणायचा, "व्हय की, राव." ऑफिसातली माणसं तोंडाला रुमाल लावायची. आम्हाला मशिन शिकवताना तार तुटली की म्हणायचा, "न्हाई, न्हाई, ताई. हळू. ती बी माणूस हाय." मशिनला तो 'ती' म्हणायचा.

रविवारी मंत्री त्याला घेऊन निघोज्याला जायचे. तिथं तो विहिरीत पोहला, त्यानं ठेचा खाल्ला, मंत्र्यांच्या आईच्या पायाला हात लावला. साहेबाला जगातल्या भानगडींत काडीचा रस नव्हता. मंत्री त्याला त्याच्याच सरकारचे गुन्हे समजावून सांगायचे आणि तो ऐकून म्हणायचा, "आसंल बाबा." यावर मंत्री चिडायचे. "ह्याच्याशी भांडताच येत न्हाई," म्हणायचे.

मग एकाहत्तरची लढाई. खिडक्यांना काळे कागद लागले, सायकलींच्या दिव्यांना अर्धा काळा रंग. रेडिओला चिकटलेली गर्दी. आपण जिंकत होतो आणि त्याच वेळी बातमी आली, अमेरिकेचं आरमार बंगालच्या उपसागराकडे निघालंय. कंपनी पेटली. पहिली पाळी सुटताना गेट मीटिंग झाली. मंत्री खोक्यावर चढले. त्या दिवशी बोलता बोलता त्यांच्या तोंडून एक वाक्य गेलं.

"त्यांचं आरमार आपल्या समुद्रात, आणि त्यांचा माणूस आपल्या शॉपमध्ये!"

असा आवाज मी त्या गेटवर कधी ऐकला नव्हता. टोप्या उडाल्या. आम्हीही टाळ्या वाजवल्या. वाक्य बसलंच होतं तसं, दोन्ही पायांवर. मंत्र्यांनी ते पुन्हा म्हटलं. खाली उतरले तेव्हा घामानं भिजले होते आणि खुशीत होते. त्यांच्या लेखी ते वाक्य तिथंच संपलं होतं. मशिनशॉपमध्ये जाऊन त्यांनी साहेबाला कसलासा भाग मापून दाखवला म्हणे.

पण वाक्य संपलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पेंटशॉपमधल्या एका तरुणानं ते उचललं. त्याला युनियनची निवडणूक लढवायची होती. "मंत्री बोलतात, आम्ही करू," असं त्यानं भिंतीवर लिहवलं. साहेब हेर आहे, मशिनच्या खोक्यातून वायरलेस आलाय, असं बोललं जायला लागलं. साहेबाला चोवीस तासांत काढा, नाहीतर काम बंद, असा ठराव मांडायचं ठरलं. मांडणार कोण? सेक्रेटरीच.

मी घाबरले. साहेब गेला की लाइन गेली, आणि लाइन गेली की आम्ही. मी मंत्र्यांना गाठलं. ते शेडच्या कडेला येरझारा घालत होते.

"दादा, हे थांबवा. तुमचंच ऐकतील."

"मी नुसतं म्हनलं गं. सभेत म्हनायचं आसतं."

"त्यांना सांगा मग तसं."

ते चालतच राहिले. मग एकदम थांबून म्हणाले, "चल माझ्यासंगं. तू लायनीवर हायस, तू बी सांग त्याला. म्हनावं, जाऊ नको."

पाळी सुटल्यावर आम्ही साहेबाच्या बंगल्यावर गेलो. तो व्हरांड्यात होता. मॅनेजरनं त्याला सगळं सांगितलेलं दिसत होतं. त्यानं आम्हाला खुर्च्या दिल्या. मी बसले, मंत्री उभेच.

"राग धरू नगंस," मंत्री म्हणाले. "ते भाषण व्हतं. तू आन् तुजं सरकार येगळं, मला ठावं हाय."

"तुला ठावं हाय," साहेब म्हणाला. "गेटला ठावं हाय का?"

मंत्री व्हरांड्याच्या टोकापर्यंत जाऊन परत आले.

"तू उद्या गेटवर बोल," तो म्हणाला. "हेच बोल. मी जात न्हाई मग. मी राहतो."

"बोलतो."

"नक्की?"

"आईशपथ बोलतो."

परत येताना मंत्री रस्त्यावर माझ्यापुढे भराभरा चालत होते आणि भाषण जुळवत होते. मध्येच वळून विचारायचे, "'व्यक्ती वेगळी, शासन वेगळं', कसं वाटतंय? का 'पाहुणा' म्हनू? 'पाहुणा' आपल्या मानसाला कळंल." मला वाटलं, 'पाहुणा' चांगलं आहे. तसं मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी गेट भरलं होतं. साहेबाच्या केबिनची खिडकी गेटच्या बाजूला होती आणि तो तिथं उभा होता, हे मंत्र्यांनी खोक्यावर चढतानाच पाहिलं. मी अगदी पुढे होते.

त्यांनी सुरुवात केली. आवाज नेहमीपेक्षा खालचा. "कामगार बंधूंनो आणि भगिनींनो, आपला लढा एका शासनाशी आहे. माणसाशी नाही. आपल्या दारात आलेला पाहुणा..."

कुणी तंबाखू मळायला लागलं. कुणी खोकलं. आणि मागून पेंटशॉपच्या घोळक्यातून आवाज आला, "मंत्री फुटला!"

दुसरा म्हणाला, "साहेबाच्या बंगल्यावर गेलता काल! बघितलंय आम्ही!"

मंत्र्यांचं वाक्य अर्ध्यात लोंबकळत होतं. त्यांचा चेहरा मी पाहत होते. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा गर्दीकडे, आणि त्याच वाक्याला जोडून म्हणाले, "...आपल्या दारात आलेला पाहुणा जर शत्रूच्या घरचा असेल, तर त्याला दार दाखवणं हा आपला धर्म आहे!"

टाळ्या. शिट्ट्या. ठराव मंजूर. श्वास घ्यायला लागतो तेवढ्या वेळात ते वाक्य फिरलं. खिडकीतला माणूस आत गेला.

संध्याकाळपर्यंत त्याची गाडी मुंबईच्या रस्त्याला लागली. मंत्री गेटच्या बाहेर उभे होते. गाडी हळू झाली, पण थांबली नाही. साहेबानं हात हलवला की उन्हाला हात आड धरला, हे कळलं नाही. मंत्री मात्र मला तीनतीनदा विचारत होते, "हात केला न्हवं त्यानं? तू बघितलंस न्हवं?"

अमेरिकन कंपनीनं दुसरा माणूस पाठवला नाही. करार मोडला. अर्धवट लाइन ताडपत्रीखाली झाकून ठेवली गेली. लढाई जिंकली होती, पेढे वाटून झाले होते आणि टेंपररी बायकांना घरी पाठवलं होतं. त्यात मीही. घरी वडिलांनी एवढंच विचारलं, "देशासाठी गेली का नोकरी?"

आम्ही काढलेल्या बायका अधूनमधून कंपनीच्या गेटवर जायचो, परत घ्या म्हणून. त्यामुळे पुढच्या पावसाळ्यातली ती सभा मी पाहिली. लढाईनंतरचा समझोता नुकताच झाला होता. जिंकलेली जमीन परत द्यायची ठरली होती, कैदीही सुटणार, असं लोक बोलत होते. गेट खवळलेलं. "जिंकलेलं परत दिलं! कुणाला विचारून दिलं?" युनियनची निवडणूक तोंडावर होती. मंत्री आता समझोत्याची सालटी काढतील, म्हणून आजूबाजूच्या कंपन्यांतलेही लोक आले होते.

सभेआधी मंत्री आमच्याकडे आले. वाळले होते. मला बाजूला घेऊन म्हणाले, "दिल्लीत बी आसंच व्हत आसंल बघ. यखादा मिटवायला उभा ऱ्हातो, मागनं कुनीतरी वरडतं, फुटला! वाक्य तिथंच फिरतं. आन् फिरलेल्या वाक्यावर पोरं लढाईला जात्यात. बासष्टला आमी कुनाला बोलू दिलं का? आता एवढ्यांदा कुनीतरी पुरं केलंय वाक्य. मी आज तेच सांगनार हाय. साहेबाचं बी सांगनार."

ते खोक्यावर चढले.

"समझोता योग्य आहे!" ते म्हणाले.

गर्दी गप्प झाली. सगळ्यांचे हात पुढे आले. आता उलटणार, म्हणून सगळे वाट बघत होते.

"जिंकलेली जमीन परत दिली, हे शहाणपण आहे. शेजाऱ्याशी बोलावंच लागतं."

हशा पिकला. लोक एकमेकांना कोपरं मारत होते. काय ताणतोय बघ, आज मोठा बार काढणार!

"हसू नका! मी मनापासून बोलतोय. डिसेंबरात याच खोक्यावर उभा राहून मी खोटं बोललो. तो साहेब हेर नव्हता. माझा दोस्त होता. त्याला मी घालवला. तुमच्या टाळीसाठी घालवला. या बायकांच्या नोकऱ्या मी घालवल्या!"

"साहेबाला कुणी घालवला?" मागून कुणी तरी गर्जलं. आणि शेकडो तोंडांनी उत्तर दिलं, "मंत्र्यांनी!"

"टाळ्या नका वाजवू! आमी काय म्हन्तोय ते ऐका!" खोक्यावर उभं असताना त्यांच्या तोंडून 'आमी' आलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. ते रडवेले झाले होते. "आवं, मी चुकलो म्हन्तोय!"

"मंत्री झिंदाबाद!"

पेंटशॉपच्या पोरांनीच त्यांना खांद्यावर उचललं. गळ्यात हार पडला. ते दोन्ही मुठींनी खालच्यांच्या डोक्यावर मारत होते, "उतरवा मला, उतरवा!" आणि खालचे समजले, की मंत्री ताल धरतायत. मिरवणूक मुंबई-पुणे रस्त्यापर्यंत गेली. निवडणुकीत ते प्रचार न करता निवडून आले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि तो पेंटशॉपवाला सेक्रेटरी झाला. आम्हाला परत घेतलं नाही. मंत्री नंतर मॅनेजरकडे आमच्यासाठी रोज जाऊन उभे राहायचे म्हणे, तोंडानं काही न बोलता. शेवटी मॅनेजरनं आमच्यातल्या दोघींना दुसऱ्या कंपनीत चिकटवून दिलं. त्यातली एक मी.

यानंतर त्यांनी भाषण केलं नाही. पण सभांना जाणं सोडलं नाही. उलट वाढलं. दापोडी, सांगवी, चाकण, जिथं सभा असेल तिथं. कुणाच्याही पक्षाची. अगदी मागे उभे राहायचे. वक्ता काही नाजूक बोलायला लागला आणि लोक ओरडायला लागले, की हे सगळ्यांच्या वर आवाज काढायचे, "पुरं करू द्या! त्याला वाक्य पुरं करू द्या!" वक्ता कोण, म्हणतोय काय, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. एकदा वक्त्याला नुसता ठसका लागला होता, तरी हे ओरडले. लोक म्हणायचे, मंत्री गेले कामातून. त्यांच्या बायकोनं सभेच्या दिवशी चपला लपवून बघितल्या. अनवाणी गेले.

ऐंशीच्या पुढचं कुठलं तरी वर्ष असेल. निवडणुकीचे दिवस. पिंपरीत मैदानावर दुपारची सभा होती. दिल्लीहून कुणी मोठा माणूस आला होता. मला सुट्टी होती, भाजी घेऊन चालले होते, तर मागच्या कडेला हे दिसले. केस पांढरे, सदरा मोठा झालेला. मला ओळखलं. "ये, ये. बरा बोलतोय," म्हणाले.

वक्ता शेजारच्या देशांबद्दल बोलत होता. म्हणाला, "आपल्याला आज ना उद्या चिनी सरकारशी बसून..."

गलका झाला. चपला वर झाल्या. आणि माझ्या शेजारून तो आवाज उठला, "पुरं करू द्या! वाक्य पुरं करू द्या त्याला!"

स्वयंसेवकांना वाटलं, हाच गोंधळ घालतोय. तिघेचौघे धावत आले, त्यांना बखोटीला धरून ओढत मैदानाबाहेर आणलं आणि रस्त्यावर ढकललं. मी पिशवी टाकून मागे पळाले. त्यांचा ओठ फुटला होता. मी पदर लावायला गेले, तर त्यांनी माझा हात बाजूला केला. मान तिरकी करून ते मैदानाकडे कान लावत होते. रस्त्यावरून चाकणचे ट्रक धडधडत जात होते. कर्ण्याचं तोंड पलीकडे होतं. नुसती घरघर यायची.

"काय म्हनाला गं पुढं?" त्यांनी विचारलं. "तुजं कान तरनं हायती. बसून काय करायचं म्हनाला?"

मला टाळ्या ऐकू येत होत्या. लाटेसारख्या, एकीवर एक.

"अजून बोलतायत, दादा," मी म्हटलं.

"मग थांबू," ते म्हणाले, आणि रस्त्याच्या कडेला मातीत बसले.